गाळातले पाचकरस

ओहोटीला खाडीच्या चिखलात हात खुपसला, की थोडं खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा थर लागतो. तिथे प्राणवायू संपलेला असतो. मेलेले मासे, कोळंबीची टरफलं, शेवाळ, तिवराची पानं अशा गाळात येऊन पडतात आणि जिवाणू त्यांचा फडशा पाडतात.

जिवाणूला तोंड नाही. प्रथिनाचा किंवा टरफलांतल्या कायटिनचा अवाढव्य रेणू त्याच्या आवरणातून आत शिरत नाही. म्हणून तो विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडतो आणि झालेले तुकडे शोषून घेतो. आयत्या बिळावरचे नागोबाही असतातच. स्वतः काही न सोडता ते शेजाऱ्याचे तुकडे पळवतात.

कोण काय पचवतं हे ओळखायची युक्ती मला फार आवडते. अगरच्या बशीत साय काढलेलं दूध मिसळायचं आणि वर गाळाचं पातळ पाणी पसरायचं. दुधाळ थरात ज्या ठिपक्याभोवती पारदर्शक कडं उमटलं, त्याने केसिन हे दुधातलं प्रथिन फोडलं. दुधाऐवजी स्टार्च घेतला तर आयोडीन ओतून पाहायचं. स्यूडोअल्टेरोमोनास, व्हिब्रिओ, बॅसिलस ही नावं अशा शोधांत वारंवार भेटतात. अर्थात गाळातले बहुतेक जिवाणू बशीत वाढतच नाहीत. त्यांचा माग डीएनएवरूनच काढावा लागतो.

शिवाय अगरही समुद्री शेवाळाचाच. काही जिवाणू दुधासकट बशीच खातात, वसाहतीखाली चक्क खळगा पडतो. अशांचं अगरेज हे विकर आता प्रयोगशाळांत जेलमधून डीएनए मोकळा करायला वापरतात.