पडलेली भिंत पुन्हा उभारताना

२५ मे २०२५ रोजी बारामती आणि इंदापूर तालुक्यांना मान्सूनपूर्व पावसाने झोडपले. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी वस्त्यांमध्ये शिरले. बारामती तालुक्यात सुमारे २५ घरांची अंशतः पडझड झाल्याची माहिती तेव्हा प्रशासनाने दिली होती. खरी अडचण या 'अंशतः' शब्दातच आहे. तेव्हाच्या आपत्ती मदतीच्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. एवढ्या पैशांत जुन्याच मातीची भिंत जुन्याच पद्धतीने उभी राहते आणि पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा बसते.

मातीची भिंत कोरडी असेपर्यंत भरपूर वजन पेलते. ती पडते बहुधा पायाकडून. पायाशी पाणी साचले की दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी ओल भिंतीत चढते, मातीच्या कणांची पकड सुटते आणि तळाचा भाग मऊ होतो. त्याच वेळी वरचे माळवद पाणी पिऊन जड झालेले असते. त्यात जमीन काळी असेल तर ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाऊस पडताच फुगते. हे फुगणे सगळीकडे सारखे नसते, त्यामुळे पाया कुठे उचलला जातो, कुठे खचतो आणि भिंतीला तिरक्या चिरा जातात.

यावरचे उपाय फार महाग नाहीत. पायातली काळी माती शक्य तितकी काढून तिथे मुरूम भरून चोपावा. जोते दगड-सिमेंटचे आणि पूर्वी पाणी जिथवर आले होते त्या खुणेपेक्षा उंच असावे. जोत्यावर ओल अडवणारा सिमेंटचा थर द्यावा. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडेल इतके छप्पर पुढे काढावे. भिंतीसाठी मुरमाड मातीत ५ ते १० टक्के सिमेंट मिसळून यंत्रावर दाबलेल्या विटा चालतात. काळी माती मात्र त्यासाठी वापरू नये. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, तर आत शिरलेली ओल कोंडून राहते. अशा ओलसर भिंतीवर बुरशी धरते आणि घरातल्या दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. तिथे चुन्याचा गिलावा बरा.

भिंती एकमेकींना बांधून ठेवण्याचे महत्त्व महाराष्ट्राला ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने शिकवले. तिथल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले आणि वरची जड माळवदे माणसांवर कोसळली. त्यानंतरच्या बांधकामात आणि दुरुस्तीत भिंतीच्या आरपार जाणारे दगड, कोपऱ्यांचे सांधे आणि घराभोवती फिरणारा लोखंड-काँक्रीटचा पट्टा यांवर भर दिला गेला. पुराने पाया खचला तरी असा पट्टा भिंतींना एकत्र धरतो.

हाती पैसे थोडे असतील तर खर्चाचा क्रम ठरवून घ्यावा: आधी पाया व जोते, मग पाण्याचा निचरा, त्यानंतर कोपरे आणि पट्टा. गिलावा व रंग शेवटी. पंचनाम्याच्या वेळी चिरांचे आणि खचलेल्या पायाचे फोटो तारखेसह जोडावेत. घर राहण्याजोगे उरले नसेल तर नोंद 'अंशतः' अशी झाली आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.