छत्रीवाला जाण्यापूर्वी…

मैत्रिणींनो, नवा कुकर आणला की आपण आधी त्यात नुसतं पाणी उकळून शिटी नीट होते का ते बघतो. माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतो. दुकानातल्या दिव्याखाली साडी कितीही आवडली तरी दाराशी उजेडात नेऊन पदर पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही. पण टी.व्ही.ची नवी छत्री आणि सेट टॉप बॉक्स घरी आला की हे सगळं शहाणपण कुठे जातं कोण जाणे! माणूस येतो, गच्चीवर जातो, खाली येऊन चार बटणं दाबतो. पडद्यावर चित्र उमटतं, सासूबाई "आलं, आलं!" म्हणतात, आपण चहाचा कप पुढे करतो आणि कागदावर सही करून मोकळ्या होतो. मग जूनमध्ये पहिली जोरदार सर येते आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात.

तिथून फेऱ्या सुरू होतात. फोन करा, वाट बघा, दर फेरीचे पैसे मोजा. तो माणूस येईपर्यंत घरातलंच कुणीतरी उत्साही, बहुधा आपले 'हे' किंवा कॉलेजात जाणारा मुलगा, भर पावसात गच्चीवर छत्री हलवायला निघतो. खरी काळजी इथे आहे. मालिकेचा एक भाग बुडाला तर काही बिघडत नाही. शेवाळलेल्या कठड्यावरून पाय घसरला तर संसार उघड्यावर येतो. म्हणून माझं सांगणं एवढंच, की छत्री बसेल त्याच दिवशी, कोरड्या हवेत, माणूस समोर असताना तासभर तपासणी करून घ्या. त्याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. शिवाय बसवणारा येतो तेव्हा घरी असतं कोण? आपणच!

चित्र दिसलं म्हणजे झालं का?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं इमारतींच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे असत. कावळा बसून अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या दिसत, माणसांच्या दोन-दोन आकृत्या दिसत. पण त्या मुंग्या आपल्याला आधीच इशारा देत, की बाई गं, काहीतरी बिनसतंय.

आताचं प्रक्षेपण डिजिटल आहे. ते असा इशारा देत नाही. सिग्नल भरपूर असो की जेमतेम, चित्र सारखंच स्वच्छ दिसतं, आणि जेमतेमच्या खाली उतरला की एकदम तुकडे पडतात किंवा पडदा काळा होतो. गॅसवरच्या दुधासारखंच! बराच वेळ शांत दिसतं आणि पाठ फिरवली की क्षणात उतू जातं. म्हणून कोरड्या दिवशी चित्र छान दिसतंय, ही तपासणीच नव्हे. पावसासाठी हाताशी शिल्लक किती आहे, ते पाहायचं असतं.

पावसाचा आणि छत्रीचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहावरून टी.व्ही. दाखवण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. त्यासाठी गावागावांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा-दहा फुटी छत्र्या उभारल्या होत्या. आज दोन फुटांची छत्री पुरते, कारण उपग्रह ताकदवान झाले आणि लहरी फार वरच्या कंपनसंख्येच्या वापरल्या जातात. मात्र ह्या लहरींची एक खोड आहे. जोरदार पाऊस त्यांना वाटेतच शोषून घेतो. आपल्याकडच्या पावसाबद्दल तर बोलायलाच नको!

दिशा आग्नेयेची

चूल आग्नेयेला असावी, असं आपल्या आजेसासूबाई सांगायच्या. गंमत म्हणजे मीरा-भाईंदरहून पाहिलं तर छत्रीचं तोंडही आग्नेयेलाच येतं. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' सेवा जीसॅट-१५ ह्या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या गावाहून त्याची दिशा उत्तरेपासून उजवीकडे मोजत सुमारे १३१ अंश, आणि उंची क्षितिजापासून सुमारे ५७ अंश. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर आहेत. त्यांची दिशा थोडी अधिक दक्षिणेकडे, सुमारे १५२ अंश, आणि उंची ६५ अंशांच्या आसपास.

छत्री विकत घेण्याआधीच मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि ही दिशा पाहा. खिडकीच्या लोखंडी ग्रिलपासून मात्र लांब उभं राहा, नाहीतर काटा चुकीचं दाखवतो. उंचीसाठी मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला खोडरबर लटकवा. मुलांचा भूमितीचा अभ्यासही होतो! तुमचं घर पश्चिमेला, उत्तनच्या समुद्राकडे, किंवा उत्तरेला खाडीकडे तोंड करून असेल तर खिडकीत छत्री लावून उपयोग नाही, गच्चीच हवी. पूर्वेकडचे नॅशनल पार्कचे डोंगर आड येत नाहीत, कारण आपल्याला पाहायचं ते त्यांच्या कितीतरी वर. आड येते ती शेजारची इमारत. साधा हिशेब सांगते: फ्री डिशसाठी त्या दिशेला दहा फुटांवर असलेली भिंत छत्रीपेक्षा पंधरा फुटांहून उंच नको. आपल्याकडे जुन्या चारमजली इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहताहेत, तेव्हा शेजारचा रिकामा पडलेला प्लॉटही ध्यानात घ्या.

आणखी एक. ह्या छत्रीचं तोंड दिसतं तितकं खाली नसतं. तिचा आकारच असा, की ती समोर पाहतेय असं वाटतं, पण लहरी मात्र बऱ्याच वरून घेते. त्यामुळे ती आभाळाकडे तोंड करून नाही म्हणून कुणी ढकलू नये.

गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घ्या. गच्चीच्या लादीत भोक पाडू देऊ नका. त्यातून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं छत गळेल आणि वर्षभर तुमच्याशी अबोला. छत्री कठड्याच्या आतल्या बाजूला पक्की बसवून घ्यावी.

आवाज मोठा की शब्द स्पष्ट?

आता मुख्य तपासणी. माणसाला म्हणा, "दादा, जरा सिग्नलचं पान दाखवा." बॉक्सच्या मेनूमध्ये ते असतंच. त्यावर दोन पट्ट्या दिसतात, 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी'. पहिली म्हणजे ताकद, दुसरी म्हणजे दर्जा.

संध्याकाळी भाईंदर स्टेशनात उभ्या राहा. आवाज केवढा असतो! पण गाडी कुठल्या फलाटावर येतेय, ते शब्द कळतात का? आवाजाचा मोठेपणा म्हणजे ताकद आणि शब्द कळणं म्हणजे दर्जा. केबल जोडून छत्री भलतीकडे तोंड करून ठेवली तरी ताकदीची पट्टी वर चढते. ती दाखवून कुणी "सिग्नल फुल्ल आहे" म्हणालं तर मान डोलवू नका. आपल्याला हवी ती दर्जाची पट्टी.

चित्र पहिल्यांदा दिसलं की तिथेच नट आवळू देऊ नका. छत्री केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे, मग वर, मग खाली सरकवून दर्जाचा आकडा कुठे सर्वांत जास्त येतो ते पाहायचं. वर तो आणि खाली पडद्यासमोर आपण, कानाला मोबाइल. आकडा दोन-चार सेकंद उशिरा बदलतो, म्हणून दर वेळी थांबायला सांगा. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरचं ते लहान डबडं, तेही किंचित फिरवून पाहायला लावा. नट आवळताना छत्री हलते, म्हणून आवळून झाल्यावर आकडा पुन्हा वाचा.

मग पुढच्या गोष्टी एकेक करून पाहा.

सुरुवातीची, मधली आणि शेवटची, अशा दहा-बारा वाहिन्या लावून पाहा. बॉक्स केबलमधून वर कधी १३, तर कधी १८ व्होल्ट वीज पाठवतो आणि त्यावर आडव्या-उभ्या लहरींची निवड होते. काही वाहिन्या येतात आणि काहींचा पत्ता नाही, असं झालं तर एलएनबी, केबल किंवा जोडणीत दोष असू शकतो. ह्याच कारणाने केबल काढण्या-घालण्यापूर्वी बॉक्सचं बटण बंद करावं, नाहीतर तारा एकमेकींना टेकून बॉक्स बिघडायचा.

भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लावा. चित्र आपोआप परत आलं पाहिजे. बॉक्समागची केबल बोटाने हळूच हलवा. तेवढ्याने चित्र थरथरलं तर जोड कच्चा आहे.

पडद्यावरच्या माणसांचे चेहरे चपटे किंवा लांबोडके दिसतात का, बातम्यांची खालची पट्टी कापली जाते का, तेही पाहा. आकाराची निवड मेनूत असते, ती आताच करून घ्या. मुलांसाठी कुलूप लावायचं असेल तर त्याचा मूळचा आकडा बदला, कारण तो शेजारच्या बंड्यालाही ठाऊक असतो.

मीठ, वारा आणि पाऊस

आपलं गाव खाडीकाठचं, मिठागरांचं. खारी हवा लोखंड खाते. तेव्हा नट-बोल्ट गंज न धरणारे आहेत ना, विचारा. गच्चीपासून घरापर्यंत केबल अखंड हवी, मध्ये जोड नको. एलएनबीच्या टोकाला पाणी जाऊ नये म्हणून तिथे चांगली पाणीरोधक टेप गुंडाळून घ्या. केबल खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली झोळ द्यायला सांगा. पाणी त्या झोळावरून ठिबकतं आणि तारेवरून ओघळत आत येत नाही.

एवढं करूनही ढगफुटीसारखा पाऊस आला तर चित्र काही मिनिटं जाणारच. त्यात कुणाचा दोष नाही आणि त्या वेळी कुणालाही गच्चीवर पाठवायचं नाही. विजा कडाडत असतील तर बॉक्स आणि टी.व्ही. दोन्हींचे प्लग काढून ठेवा. मार्चमध्ये, तसंच सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस फ्री डिशचं चित्र सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ बिघडू शकतं. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेही आपोआप सुधारतं.

पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी चित्र नाही, तर सिग्नलचं पान उघडा. ताकद शून्य असेल तर केबल किंवा एलएनबी पाहायला हवी. ताकद पूर्वीइतकीच पण दर्जा घसरलेला असेल तर छत्री सरकलेली असण्याचा संभव जास्त. हे दोन आकडे फोनवर सांगितलेत तर येणारा माणूस योग्य सामान घेऊन येतो आणि फेरी वाचते.

खर्चाचं काय?

डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' ह्या नावाने सुरू झाली. बॉक्स, छत्री आणि बसवणावळ यांचा एकदाच खर्च, मग महिन्याला काही नाही. सह्याद्री वाहिनी तीवर आहे, आणि मुलांसाठी पीएम ई-विद्याच्या शालेय वाहिन्याही. बॉक्स मात्र जुन्या पद्धतीचा नको, एमपेग-४ चा मागा. जुन्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत.

पैसे भरून घ्यायच्या सेवेवर वाहिन्या अधिक मिळतात, पण फेब्रुवारी २०१९ पासूनच्या नियमांनुसार वाहिन्या एकेक करून निवडता येतात, हे विसरू नका. विक्रेता गठ्ठा पुढे करतो. वाणसामानाची यादी करतो तशी आधी घरातल्यांची यादी करा. सासूबाईंचं काय, मुलांचं काय, ह्यांच्या बातम्या कुठल्या. आणि हो, त्या यादीत स्वतःचंही नाव लिहा! दुपारी दोन ते तीन हा आपला वेळ असतो, त्याचा हिशेब आपणच मांडायचा.

शेवटी एक सवय लावून घ्या. दूधवाल्याचा हिशेब लिहिता त्याच वहीच्या मागच्या पानावर छत्री बसवल्याची तारीख, बॉक्सचा क्रमांक, वाहिनीचं नाव, तिची ताकद आणि दर्जा, दिशा आणि बसवणाऱ्याचा फोन नंबर लिहा. पावती तिथेच टाचून ठेवा. दर जूनच्या सुरुवातीला, पापड-लोणची बरणीत भरून झाली की, त्याच वाहिनीवर आकडे पुन्हा वाचून ताडून पाहा. दर्जा बराच उतरला असेल तर कोरडे दिवस आहेत तोवर माणूस बोलवा. पुढे पावसात चित्र गेलं आणि कुणी चपला घालून गच्चीकडे निघालं, तर त्यांना खुर्चीत बसवा आणि वही उघडा.