दुखणे कोणाला दाखवायचे?

कंबरदुखी किंवा गुडघेदुखी तीन महिन्यांच्या पुढे गेली, की घरात औषधांचा एक वेगळाच डबा तयार होतो. त्यात फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्या असतात, कुणी सुचवलेले तेल असते, कधी एखाद्या गावाहून आणलेल्या बिननावाच्या पुड्या असतात. शेजारी एमआरआयची मोठी पिशवी. अशा वेळी कुणीतरी सांगते, ‘पेन क्लिनिकमध्ये दाखवून बघा.’ तिथल्या पाटीवर ‘शस्त्रक्रियेविना कायमची सुटका’ असे लिहिलेले असते आणि एका इंजेक्शनचा खर्च हजारांत सांगितला जातो. जावे का? आणि गेल्यावर विश्वास ठेवायचा तो कशावर?

वेदनातज्ज्ञ ही काही नवी टूम नाही. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार केले. महिनोन् महिने न थांबणारी वेदना एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातली नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि अनेक तज्ज्ञांनी मिळून रुग्ण तपासण्याची पद्धत रूढ केली. आजही या शाखेतले बरेच डॉक्टर मुळात भूलतज्ज्ञच असतात, कारण कोणती नस कुठून जाते आणि ती कशी बधिर करायची, हे त्यांचे रोजचे काम.

म्हणून पहिली चौकशी शिक्षणाची. भूलशास्त्र, अस्थिरोग, मेंदूविकार किंवा पुनर्वसन यांपैकी कशात पदव्युत्तर पदवी आहे, हे पाहावे. त्यानंतर वेदनाशास्त्राचे प्रशिक्षण कुठे, किती महिने आणि पूर्णवेळ घेतले का, हे विचारावे. ‘फेलोशिप’ या एका शब्दावरून ते कळत नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का, हेही तपासता येते. यात कसला आगाऊपणा नाही.

फिल्म आधी की रुग्ण आधी?

खरी परीक्षा पहिल्या भेटीत होते. चांगला वेदनातज्ज्ञ एमआरआयच्या आधी तुमच्याकडे पाहतो. दुखणे कुठून कुठे जाते, रात्री झोपमोड होते का, मुंग्या येतात का, काय केल्याने वाढते, हे विचारतो. चालायला लावतो, पाय उचलून पाहतो, टाचांवर उभे करतो. फिल्म प्रकाशात धरून दोन मिनिटांत ‘गादी सरकली आहे, इंजेक्शन घ्यावे लागेल’ असे सांगणाऱ्याकडे सावधपणे पाहावे.

याचे कारण साधे आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांचे स्कॅन एकत्र अभ्यासण्यात आले. पन्नाशीच्या लोकांमध्ये सुमारे ८० टक्के जणांच्या मणक्यांमधील गाद्यांची झीज झालेली होती आणि ६० टक्के जणांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. दुखत मात्र कुणाचेच नव्हते. म्हणजे अहवालात लिहिलेली झीज हेच तुमच्या दुखण्याचे कारण, असे मानता येत नाही. रुग्णाची तक्रार, तपासणी आणि फिल्म या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच निदानाला अर्थ आहे.

इंजेक्शनपूर्वीचे प्रश्न

इंजेक्शने वाईट नसतात. पायात उतरणारी असह्य कळ योग्य रुग्णात मणक्यातील स्टिरॉइड इंजेक्शनने काही आठवडे ते महिने कमी होऊ शकते. मणक्याच्या लहान सांध्यांच्या नसा रेडिओ लहरींच्या उष्णतेने निकामी करण्याचा उपचारही आहे. पण त्याआधी फक्त बधिर करणारे इंजेक्शन देऊन दुखण्याची जागा तीच आहे ना, याची खात्री करायची असते. शिवाय ती नस पुन्हा वाढते, त्यामुळे आराम साधारण सहा महिने ते वर्षभराचा. ‘कायमची सुटका’ हे शब्द इथे बसत नाहीत.

तेव्हा स्पष्ट विचारावे: सुई सी-आर्म किंवा सोनोग्राफीत पाहून देणार ना? आराम किती दिवस टिकेल? धोके कोणते? एकूण खर्च किती? आणि सर्वांत महत्त्वाचे, काहीच केले नाही तर काय होईल? गादीमुळे नस दबून झालेली सायटिका अनेकदा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप ओसरते. हे स्वतःहून सांगणारा डॉक्टर विश्वासाला पात्र आहे. मधुमेह असेल तर स्टिरॉइडने काही दिवस साखर चढते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगाव्यात.

गोळ्यांचे गणित

नसांच्या दुखण्यावर कधी नैराश्यावरचे किंवा फिट्सवरचे औषध दिले जाते. औषधाची माहिती वाचून रुग्ण बिचकतो आणि गोळी बंद करतो. ही औषधे वेदनेचे संदेश मंदावतात म्हणून दिली जातात, तुम्हाला वेडे ठरवून नव्हे. पण हे समजावणे डॉक्टरांचे काम आहे. उलट, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्याने जठर, मूत्रपिंड आणि हृदयाला धोका असतो. अफूच्या वर्गातील ट्रॅमॅडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आले आहे. अशी गोळी लिहिताना ती किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगायला हवे.

विश्वास दोन्ही बाजूंनी लागतो. वेदना कोणत्याही यंत्रात मोजता येत नाही. रुग्णाच्या वेदनेच्या कथनाचा आदर करावा, असे आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० च्या आपल्या सुधारित व्याख्येसोबत नमूद केले आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका’ एवढ्यावर घरी पाठवणारा डॉक्टर बदलावा. बायकांना तर हे वाक्य फार लवकर ऐकवले जाते. पण आपणही काही लपवू नये. बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले आढळते. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवले, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून ती पुडी डॉक्टरांसमोर ठेवावी.

काही लक्षणांत मात्र क्लिनिक निवडत बसू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातली शक्ती झपाट्याने जाणे, पाठदुखीसोबत ताप येणे, ही थेट रुग्णालय गाठण्याची वेळ. कारण न कळता वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगावे.

बाकीच्यांनी अपेक्षा मोजून ठेवाव्यात. जुनाट वेदना शून्यावर येतेच असे नाही. ती एक तृतीयांशाने कमी झाली, तरी वैद्यकशास्त्र त्याला खरा फायदा मानते. म्हणून ‘किती दुखते’ एवढेच न पाहता बाजारापर्यंत चालता येते का, सलग झोप लागते का, मांडी घालून जेवता येते का, हे डॉक्टरांसोबत बसून वहीत लिहावे. सोबत व्यायाम आणि फिजिओथेरपी हवीच. त्यांचे नावही न काढणारे उपचार अपुरे आहेत. तीन महिन्यांनी वही उघडावी. फरक नसेल तर ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न विचारावा, दुसरे मतही घ्यावे. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.