पाकीट कोणाला, किती आणि केव्हा

दसरा झाला की आमच्या सोसायटीत एक वही फिरते. कोथरूडमधली जुनी तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं, आणि खजिनदार मी. वॉचमन, जिना झाडणाऱ्या मावशी आणि कचरा नेणाऱ्या दोघी, यांच्या पोस्तीसाठी प्रत्येकाने आपला आकडा लिहायचा. वही परत येते तेव्हा तिच्यात आकड्यांपेक्षा शेरे जास्त असतात. ‘आम्ही स्वतंत्र देतो.’ ‘गेल्या वर्षी किती दिले होते?’ ‘आम्ही दिवाळीत गावी असतो.’ या शेवटच्या शेऱ्याचा वर्गणीशी काय संबंध, हे मला अजून उमगलेलं नाही.

द्यायला बहुतेकांची ना नसते. गोंधळ होतो तो सगळ्यांना एकाच हिशेबात धरल्यामुळे. घरकामाच्या बाईंना दिलेला महिन्याचा पगार आणि सिलिंडर आणणाऱ्याच्या हातावर ठेवलेली नोट एकाच खात्यात जमा होत नाही. पहिली मजुरी, दुसरी खुशी. मजुरीत घासाघीस करू नये आणि खुशीची कुणी जबरदस्ती करू नये, एवढं माझं मत.

माझी नोकरी एका कारखान्याच्या लेखा विभागात गेली. बोनसचे तक्ते करता करता 8.33 हा आकडा डोक्यात पक्का बसला. वर्षभराच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे बरोबर एक महिना. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1965 च्या बोनस कायद्यातली ही किमान टक्केवारी. कमाल 20 टक्के. पण तो कायदा कारखान्यांसाठी आणि वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी होता. तुमचं-आमचं स्वयंपाकघर त्यात बसत नव्हतं. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी दिवाळीला पगार द्याच, असं तोही घरमालकाला सांगत नाही. तेव्हा एका महिन्याचा जो प्रघात आहे, तो बायकांनी स्वतः लावून धरलेला आहे. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवलं, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. भरपगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस अशा गोष्टी उंबरठ्यात उभं राहून बोलता येतात, हे त्यानंतर पुष्कळ घरांना कळलं.

तर एक महिना. बाई मधेच लागल्या असतील तर त्रैराशिक मांडा. पगार दोन हजार आणि काम सहा महिने झालं असेल, तर हजार. सोडून गेलेल्या बाईंनी आधीचे सहा महिने केले असतील तर त्यांचेही हजार, हे मात्र कुणाला सुचत नाही. दिवाळीच्या तोंडावर बाई बदलायची आणि नवीला ‘तुम्ही आत्ताच तर आलात’ म्हणायचं, ही युक्ती मी जवळून पाहिली आहे. युक्ती करणारीचं घर रोज सत्यनारायण घालावा इतकं सोवळं.

दिवाळीची साफसफाई यात धरायची नाही. माळा उतरवणं, पंखे पुसणं, तांब्या-पितळेची भांडी घासणं, गाद्या उन्हात घालणं हे रोजच्या कामाच्या वरचं काम आहे. त्याचे पैसे आधी ठरवायचे आणि त्याच दिवशी द्यायचे. ‘बोनस देतोच आहोत ना’ म्हणून माळा फुकट काढून घेतला, तर आपण बोनस दिलेलाच नाही.

केव्हा द्यायचा, हे कितीपेक्षाही महत्त्वाचं. लक्ष्मीपूजनाला ओवाळणीसारखं पाकीट देणं आपल्याला शोभून दिसतं. पण त्यांची खरेदी तोवर आटपलेली असते, बहुधा उसने पैसे घेऊन. वसुबारसेच्या आठवडाभर आधी द्या, म्हणजे मुलांचे कपडे आणि फराळाचं तेल-बेसन रोखीने येतं. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताई मुसलमान आहेत. त्यांनी पहिल्याच वर्षी सरळ सांगितलं, ‘काकू, मला दिवाळीला नको, रमजानमध्ये द्या.’ तेव्हापासून तसंच चालतं. वसईकडच्या बाई असतील तर नाताळ विचारावा. विचारायला काही लागत नाही.

साडी द्यावी का? जरूर, पण पगाराशिवाय वेगळी, नवी, आणि त्या नेसतील अशी. कपाटात घडी मोडायची राहिलेली, आपल्याला आहेरात आलेली साडी त्या बरोबर ओळखतात. मिठाईच्या पुड्याचं तेच. पाच घरं असलेल्या बाईंकडे पाच पुडे होतात आणि घरातली चकली त्यांनीच तळलेली असते. भाऊबीजेची सुट्टी मात्र न मागता द्यावी. माहेरी जायला त्यांनाही भाऊ आहे.

बाकीच्यांचं लवकर आटपतं. पोस्टमन सरकारी नोकर. त्यांना पैसे नको, बसवून चिवडा-चहा द्यावा. सिलिंडर घरपोच आणण्याचा आकार बिलात धरलेला असतो. वर तीन जिने चढून आलेल्या माणसाला काही द्यायचं तर आनंदाने द्या, पण तो हक्काने मागत असेल तर नाही म्हणायलाही हरकत नाही. कचऱ्याचं वेगळं आहे. पुण्यात घरोघरी कचरा घेणाऱ्या पुष्कळ जणी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. महापालिकेच्या पगारावर त्या नाहीत. घरागणिक महिन्याला मिळणाऱ्या शुल्कावर त्यांचं चालतं. वहीत त्यांच्या रकान्यात सगळ्यात लहान आकडे पडतात, म्हणून मी आता तो रकाना पहिला आखते.

वॉचमन एजन्सीचा असेल तर माणसं बदलतात. वर्षभर रात्रपाळी केलेला माणूस ऐन नवरात्रात दुसरीकडे पाठवतात, आणि पाकीट नवख्याला मिळतं. त्याचा फोन नंबर घेऊन ठेवावा, रक्कम महिन्यांप्रमाणे वाटून त्याची त्याला पाठवावी. एजन्सीच्या हाती देऊ नये.

आणि पेपर. बिलाबरोबर शुभेच्छांचं कार्ड येतं ते विक्रेत्याचं. सायकलवरून पेपर टाकणारा मुलगा वेगळा, आणि तो आपण उठायच्या आत येऊन गेलेला असतो. दाराला पेपरची पिशवी असेल तर आदल्या रात्री तिच्यात त्याच्यासाठी म्हणून पाकीट ठेवून द्यावं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ठेवू नये. दुसऱ्या दिवशी पेपरला सुट्टी असते.