दगडी पाला आणि धनुर्वात

खुरपे लागले की बांधावरचा दगडी पाला चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. लांब दांड्यावर एकच फूल येणारी हीच ती एकदांडी. लहानपणी माझेही रक्त तिने थांबले आहे, म्हणून मी हसत नाही. पण धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. न धुतलेल्या पाल्याबरोबर ते जखमेत जातात आणि खोलवर, जिथे हवा पोचत नाही तिथे, वाढतात. माझ्याकडे रुग्ण येतो तो हिरवा लेप वाळल्यावर, तिसऱ्या दिवशी! जखम आधी साबण व वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. जबडा आखडू लागला तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा.