ग्रंथालयातले वाटाडे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली. सुमारे वीस जण दगावले. हे विष शरीरात शिरते तरी कसे? नाकाला रुमाल बांधला की पुरे काय? उत्तरे पुस्तकांत आहेत; पण नेमके पुस्तक सापडायला हवे ना!

समजा, याच विषयावर तुम्हाला निबंध लिहायचा आहे. ग्रंथालयातील कपाटे पाहूनच तुम्ही गोंधळता. अशा वेळी बी.एस्सी.ला असलेली एखादी ताई मदतीला येते. ती उत्तर सांगत नाही. उलट विचारते, "तुला काय हवे? पिकावरची कीड, की माणसाला होणारी विषबाधा?" प्रश्नाची अशी फोड झाली की वाट दिसू लागते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात पिकांवरील कीड व रोग ६३२ या क्रमांकाखाली येतात, तर विषशास्त्र ६१५.९ खाली. म्हणजे एक कपाट शेतीचे, दुसरे वैद्यकाचे!

पुस्तक मिळाले की शेवटची सूची पाहून हवे तेवढेच पान उघडा. प्रकाशनवर्ष पाहा. तीच माहिती दुसऱ्या ग्रंथाशी ताडून पाहा. लेखक, ग्रंथ, वर्ष व पृष्ठ टिपून ठेवा. मग कळते, की अनेक कीटकनाशके श्वासावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात जातात. केवळ रुमाल पुरत नाही. हातमोजे आणि अंगभर कपडेही हवेत. डब्यावरील लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हेही समजते.

हे काम ग्रंथपालांचेच नाही काय? आहेच. पण ग्रंथपाल एक आणि विद्यार्थी शेकडो! शिवाय काल जो स्वतः अडला होता, त्याला दुसरा कोठे अडतो हे चटकन कळते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड व्हॅली विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी आपल्या सोबत्यांना संदर्भ शोधायला असेच साहाय्य करतात. आपल्याकडे 'कमवा व शिका' योजनेतील अनेक विद्यार्थी ग्रंथालयांत काम करतात. पुस्तके लावण्याबरोबर त्यांना हेही शिकवता येईल.

शिक्षकांनी शाळेतही हा प्रयोग करावा. नववीतील चार विद्यार्थ्यांना ग्रंथपालांकडून ही रीत शिकवावी. त्यांनी ती आठवीला शिकवावी. मात्र एक पथ्य पाळा : सोबत्याला उत्तर देऊ नका, वाट दाखवा. अशा वाटेने मिळालेले एखादे उत्तर पुढच्या फवारणीआधी घरी पोचले, तर एखादा जीवही वाचेल.