दुष्काळ निवारणाच्या शासकीय योजना आणि भूमिहीन : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

हवामान बदलाची झळ अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात सर्वांना सारखी बसत नाही. उत्तरेकडे प्रवरा व मुळा कालव्यांखाली ऊस उभा असतो. पाथर्डी, जामखेडकडील अनेक कुटुंबे मात्र ऊसतोडणीसाठी दरवर्षी गाव सोडतात.

शासनाने उपाय केले नाहीत, असे नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तेव्हा अनुदान कमाल ५०,००० रुपये होते आणि अट किमान ०.६० हेक्टर जमिनीची होती. म्हणजे मागणाऱ्याजवळ आधी जमीन हवी. योजनेचे नाव याबाबतीत जरा फसवेच आहे. वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवावे, हा शेततळ्यामागील हेतू. प्रत्यक्षात पुष्कळ शेततळी प्लॅस्टिकचे अस्तर घालून विहिरी व कूपनलिकांच्या पाण्याने भरली जातात. त्यामुळे भूगर्भातील सामाईक पाणी एकाच्या ताब्यात जाते, काही बाष्पीभवनाने उडते आणि शेजारची उथळ विहीर लवकर आटते. २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांचा आधार मोठा होता, पण तो पशुपालकांना. भूमिहीनांसाठीचा रोजगार हमीचा राज्य कायदा १९७७ चा, हवामान बदलाची चर्चाही नसतानाचा.

हिवरे बाजारने आदर्श गाव योजनेत पाणलोटाची कामे केली. तशी ती इतरत्रही झाली. मात्र येथे सिंचनासाठी कूपनलिकांवर बंदी आली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, माणसे व जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी राखून मग पिके ठरू लागली. अनुदानित शेततळ्यांनाही ग्रामसभेचा असा ताळेबंद बंधनकारक करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.